एका रेघेनं खोडलेला आकडा

आगाशे सर गेल्याचं कळलं तेव्हा मी सिंगापुरात, बुकित पंजांगच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांमधून हातात ट्रे घेऊन जागा शोधत होते. शनिवारची दुपार, सगळी टेबलं भरलेली, आणि जिथे माणूस नव्हता तिथे टिश्यूची पाकिटं ठेवून लोकांनी जागा अडवून ठेवलेल्या. पर्समधला फोन दोनदा थरथरला. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप होता, 'आपले ज्येष्ठ सभासद मुकुंद आगाशे यांचं आज सकाळी हृदयविकारानं निधन झालं.' खाली जोडलेल्या हातांची रांग सुरूही झाली होती. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते इतकंच, की हा माणूस उत्तर न देता निसटला... चौदा वर्षं मी त्यांच्याकडून एका प्रश्नाचं उत्तर मिळेल म्हणून वाट बघत होते आणि त्यांनी शनिवारचा मुहूर्त साधून काढता पाय घेतला. मग लक्ष त्या टिश्यूच्या पाकिटांकडे गेलं. सर आणि मी दोघंच जेवायला गेलो तरी चार खुर्च्यांचं टेबल धरायचं, समोरासमोरच्या दोन खुर्च्यांवर आम्ही, आणि उरलेल्या दोन खुर्च्यांवर एकेक पाकीट, असं करणारा माणूस मी एकच पाहिला. लोक ट्रे घेऊन ताटकळत उभे असायचे आणि सर शांतपणे फिश करीतली भेंडी बाजूला काढत बसायचे.

ज्यांना अशा लेखात चार गोड शब्द वाचायची सवय आहे त्यांनी खुशाल पान उलटावं. सरांच्या पत्नी, आगाशे वहिनी, यांनीच मला लिहायला सांगितलं म्हणून लिहिते आहे, आणि त्यांना विचारून लिहिते आहे. ते विचारणं कसं झालं तेही पुढे येईलच.

मी पुण्याहून इथे आले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. एका मध्यम आकाराच्या कंपनीत नेटवर्क विभागात नोकरी, त्या नोकरीवर मिळालेला ईपी, म्हणजे इथे काम करायचा पास, आणि माझ्या त्या पासाच्या आधारानं राहणारे नवरा आणि अडीच वर्षांची मुलगी. विभागाचे प्रमुख आगाशे सर. मुंबईत उमेदवारी करून इथे येऊन त्यांना बरीच वर्षं झालेली, हौगांगला स्वतःचा फ्लॅट, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कॉम्प्युटरच्या आधी एक वही दाखवली. निळ्या कापडी बांधणीची, जाड, दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी असते तशी. आमच्या सगळ्या जोडण्यांचे नंबर त्या वहीत. तेव्हासुद्धा सगळं जग एक्सेलवर गेलेलं होतं, पण सरांचा नियम होता, आधी वहीत, मग यंत्रात. नंबर आधी हातानं लिहायचा आणि मगच यंत्रात घालायचा. चुकलं तर खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. एक आडवी रेघ मारायची, बाजूला सही, वेळ, आणि बरोबर आकडा. "खोडलेलं वाचता आलं पाहिजे," ते म्हणाले होते, "चूक लपवायला वही नसते." मी भारावून गेले होते. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की मला चांगला गुरू मिळाला. आता आठवलं की माझ्याच अंगावर काटा येतो.

आमचं भांडण ज्यावरून झालं ते सांगायला हवं, आणि ते अवघड अजिबात नाही. दोन यंत्रं, मधे एक तार. तारेच्या प्रत्येक टोकाला एक नंबर लागतो. हे नंबर सुटे मिळत नाहीत, गठ्ठ्यानं मिळतात. दोनाचा गठ्ठा, चाराचा, आठाचा, असे. जुनी पद्धत चाराच्या गठ्ठ्याची. शून्य, एक, दोन, तीन. त्यातला पहिला नंबर म्हणजे गल्लीचं नाव, त्यावर घर बांधायचं नाही. शेवटचा म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांना एकदम हाक मारायचा नंबर, त्यावरही नाही. उरले मधले दोन, ते तारेच्या दोन टोकांना. म्हणजे दोन वापरायचे आणि दोन राखून ठेवायचे. पण ज्या गल्लीत घरंच दोन आहेत तिथे सगळ्यांना हाक मारायचा वेगळा नंबर हवा कशाला? समोरच्याला हाक मारली की झालं. म्हणून नव्या पद्धतीत दोनाचाच गठ्ठा घेतात. शून्य एका टोकाला, एक दुसऱ्या टोकाला. पुढच्या तारेला दोन आणि तीन. एकही वाया नाही. ही पद्धत मान्य होऊन तेव्हाही कितीतरी वर्षं लोटली होती. आम्ही बोलताना तिला 'जोडी' म्हणायचो आणि जुनीला 'चौकडी'.

आमच्याकडचे नंबर संपत आले होते. दर महिन्याला नवे ग्राहक, नव्या तारा, आणि सरांच्या निळ्या वहीत पानंच्या पानं चौकड्या. डावीकडे त्यांनी आधीच आखून ठेवलेले आकडे, शून्य, एक, दोन, तीन, आणि त्यात पहिली आणि चौथी ओळ कोरी. मी आल्यावर सहा महिन्यांनी जोडीचा प्रस्ताव मांडला. सगळा हिशोब करून, नकाशा काढून, विभागाच्या बैठकीत. सर खुर्ची मागे रेलून ऐकत होते. संपल्यावर आमच्या वरच्या मॅनेजरकडे, टॅनकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "नवीन नवीन आलेल्यांना फर्निचर हलवायची हौस असतेच." सगळे हसले. बाहेर आल्यावर मला मराठीत, आवाज खाली आणून, "काटकसर करायची ती घरी कर गं. डाळतांदळात." चौकडी का हवी याचं कारण त्यांनी कधीच दिलं नाही. त्यांच्या हाताला चौकडीची सवय होती, एवढंच कारण होतं. हात एक आणि दोनकडे आपोआप जायचा, जसा आपला हात घरच्या दिव्याच्या बटणाकडे अंधारातही जातो.

पण टॅनला नंबर संपण्याची धास्ती होती. त्यानं एका जोडणीवर जोडी करून बघायला परवानगी दिली. सेम्बावांगला आमच्या एका ग्राहकाचं वर्कशॉप होतं, जहाजाचे सुटे भाग दुरुस्त करणारं. तिथली तार बदलायचीच होती. ठरलं असं, की रविवारी मी मुख्य केंद्रात बसायचं, माझ्या टोकाला शून्य घालायचा, आणि सेम्बावांगच्या टोकाला जो कोणी जाईल त्यानं एक घालायचा. सर म्हणाले, मीच जातो. वीस वर्षांत कधी रविवारी बाहेर न पडलेला माणूस. "काय कोसळायचं ते माझ्या डोळ्यांदेखत कोसळू दे," असं म्हणून निळी वही काखेत मारून गेले.

आणि कोसळलं. सकाळी दहाला जुनी तार काढली, नवी जोडली, दोन्ही टोकांना नंबर घातले, दिवे हिरवे झाले... आणि पलीकडून उत्तर नाही. दिवा हिरवा असतो म्हणजे तार धडधाकट असते. तरीही माझी हाक जात होती आणि परत काही येत नव्हतं. आम्ही तार बदलली, तिचं टोक बदललं, यंत्र बंद करून चालू केलं. मी फोनवर सरांना दोनदा विचारलं, "सर, तुमच्या टोकाचा नंबर वाचून दाखवता?" दोन्ही वेळा एकच उत्तर, "माझं बरोबर आहे. तू तुझं बघ." तिकडे वर्कशॉपचं फाटक ज्या यंत्रावर चालायचं ते याच तारेवर. दुपारच्या पाळीचे कामगार पास हातात धरून उन्हात उभे राहिले. टॅनचे फोन सुरू झाले. मी माझ्या टोकाचा शून्य इतक्या वेळा तपासला, की शेवटी मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना. 

दोन चाळीसला सरांचा फोन आला. आवाज अगदी थंड. "तुझी जोडी काढून टाकली. चौकडी घातली आहे. तू तुझ्या टोकाला एक घाल, माझ्या टोकाला दोन आहे." मी घातला. त्याच क्षणी पलीकडून उत्तर आलं. फाटक उघडलं. सर म्हणाले, "बघितलंस?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा अहवाल गेला. सेम्बावांगचं यंत्र जुनं असून त्याला जोडी कळत नाही, ही गोष्ट प्रस्ताव मांडणाऱ्या अभियंत्यानं न तपासल्यामुळे काम खोळंबलं, दोन चाळीसला चौकडी घालून दुरुस्ती केली. खाली माझं नाव, पूर्ण, आडनावासकट. मी उत्तर लिहिलं, की यंत्राला जी आज्ञा कळत नाही ती ते घेतच नाही, तोंडावर परत फेकतं. जोडीची आज्ञा घेऊन, हिरवा दिवा लावून गप्प बसत नाही. तेव्हा कृपया त्या टोकाची नोंद बघावी. कुणी बघितली नाही. सर म्हणाले, हिला अजून चूक कबूल करता येत नाही. दोन महिन्यांनी ईपीच्या नूतनीकरणाची वेळ आली आणि कंपनीनं अर्ज केला नाही. सरळ काढून टाकलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

एका महिन्यात बुकित पंजांगचा भाड्याचा फ्लॅट रिकामा केला. मुलीचं नाव नुकतंच बालवाडीत घातलेलं. नवरा इथे एका छोट्या कंपनीत लागणार होता, तेही बारगळलं, कारण त्याचं इथलं राहणं माझ्या पासावर. सोफा, फ्रिज, भांडी, सगळं शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊन टाकलं. पुण्यात वर्षभर मी घरी बसले. मुलाखतीला गेलं, की सिंगापूर का सोडलं हा प्रश्न पहिला, आणि या धंद्यात माणसं एकमेकांना ओळखतात, त्यामुळे उत्तर माझ्याआधीच पोचलेलं असायचं. 'ती सेम्बावांगवाली' असं एकानं दुसऱ्याला म्हणताना मी स्वतः ऐकलं. माझ्या डोक्यात एकच किडा, की चुकलं असेल का माझं? खरंच यंत्र जुनं असेल का? मी सगळ्या रात्री... नाही, रात्रींचं कौतुक नको. दिवसासुद्धा तोच विचार असायचा.

पुढे एका दुसऱ्या कंपनीनं बोलावलं, परत आले, पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी झाले, पुन्हा बुकित पंजांगलाच घर केलं. आणि परत आल्यावर मंडळाचा गणपती ओघानंच आला. दर वर्षी सर भेटायचे, सिल्कचा झब्बा घालून, प्रसादाच्या रांगेत. "काय शुभदा, जोड्या लावतेस का अजून?" असं मोठ्यानं म्हणून आजूबाजूच्यांकडे बघून डोळे मिचकावायचे. लोकांना वाटायचं काहीतरी जुना प्रेमळ विनोद आहे. आणि मी हसायचे. त्यांचा राग येतो त्यापेक्षा मला माझ्या त्या हसण्याचा राग येतो. एकदाच मी धीर करून त्यांना बाजूला घेतलं. विचारलं, "सर, त्या दिवशी नक्की काय झालं होतं?" हातातला मोदक त्यांनी आधी नीट संपवला. "यंत्र जुनं होतं गं. किती दिवस उगाळत बसणार?" मग जाता जाता, पाठीवर थोपटून, "तू हुशार होतीस." होतीस!

वहिनींचा फोन आला तो ते गेल्यानंतर तीन आठवड्यांनी. मंडळाच्या दिवाळी पुरवणीत त्यांच्यावर काहीतरी यावं अशी इच्छा, आणि, "तूच लिही. तुझं नाव फार निघायचं घरात." कोणत्या संदर्भात निघायचं हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. नाही म्हणायचं म्हणूनच मी हौगांगला गेले. 'नाही' काय, फोनवरही म्हणता येतं, पण विधवा बाईला ते फोनवर कसं म्हणायचं, एवढा आपला पुणेरीपणा. घर आवरलं जात होतं. हॉलमध्ये खोकी, आणि त्यांचा मुलगा ओंकार, तो आता तिशीचा, पुस्तकं दोऱ्यानं बांधत होता. कोपऱ्यात रद्दीचा ढीग. त्या ढिगाच्या वर निळी वही.

"ही इथे कशी?" मी विचारलं.

"कंपनीनं सगळं कॉम्प्युटरवर नेलं तेव्हा फेकून देणार होते, तर हे घरी घेऊन आले," वहिनी म्हणाल्या. "कपाटात साड्यांच्या खणात ठेवली होती. माझ्या साड्यांच्या."

ओंकार मान वर न करता म्हणाला, "मा, जस्ट थ्रो लाह. नोबडी यूझेस दिस एनिमोर."

मी वही उचलली. बोटांना कापडाचा तो खरखरीतपणा लगेच ओळखू आला. सेम्बावांगचं पान शोधायला वेळ लागला नाही, माझं आयुष्य जिथे मोडलं ते पान मी डोळे मिटूनही शोधलं असतं. सुंदर, वळणदार अक्षर. डावीकडे शून्य, एक, दोन, तीन. वर लिहिलेलं, 'जोडी, प्रायोगिक'. शून्याच्या पुढे, 'मुख्य केंद्र'. एकाच्या पुढे... मी थांबले. दोनाच्या पुढे 'सेम्बावांग' लिहिलेलं होतं आणि त्यावरून एक आडवी रेघ. एकच, सरळ, खालचं अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. बाजूला, 'मु. आ., २.१०'. आणि वरच्या ओळीत एकाच्या पुढे, त्याच शाईत, पुन्हा 'सेम्बावांग'. त्याखाली पान आडवं आखून वेगळी नोंद, 'चौकडी, २.४०'. एकाला मुख्य केंद्र, दोनाला सेम्बावांग.

मी वही घेऊन तिथेच फरशीवर बसले. वहिनी घाबरल्या, पाणी आणायला उठल्या. मी म्हटलं, "वहिनी, थांबा, तुम्ही बघा हे." त्या एका बँकेत हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेल्या, चष्मा लावून पान समोर धरलं आणि सवयीनं बोट आधी खोडलेल्या जागेवर गेलं. "दोन का खोडला?"

मी सांगितलं. आधी वहीत, मग यंत्रात, हा त्यांचाच नियम. सकाळी त्यांनी वहीत लिहिताना वर्षानुवर्षांच्या सवयीनं सेम्बावांगच्या टोकाला दोन लिहिला, आणि यंत्रातही दोनच घातला. जोडीत शून्याचा जोडीदार एक. दोन म्हणजे दुसऱ्याच गल्लीतलं घर. माझी हाक समोरच्या घरापर्यंत पोचायची कशी? चार तास आम्ही तारा बदलत बसलो आणि त्यांना दोन वाजून दहा मिनिटांनी दिसलं, की आपलं चुकलं. त्यांनी वहीत चूक खोडली, सही केली, वेळ घातली, बरोबर आकडा लिहिला. यंत्रात तो एक आकडा बदलायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण मग 'माझं चुकलं' म्हणावं लागलं असतं. म्हणून त्यांनी दोनाला हात न लावता गठ्ठाच बदलला, मला एक घालायला लावला, आणि यंत्र जुनं आहे असं लिहून टाकलं.

"म्हणजे दोन दहाला माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. "आणि तुला फोन केला दोन चाळीसला."

"हो."

 तेव्हापासून मी त्या अर्ध्या तासाचाच विचार करते आहे. फाटकाबाहेर माणसं उन्हात उभी. आत एक माणूस मांडीवर वही घेऊन बसलेला. वहीशी खोटं बोलणं त्याला जमलं नाही, तिथे त्याचा हात धजला नाही, तिथे त्यानं वेळेसकट कबुली दिली. माझ्याशी खोटं बोलणं मात्र अगदी सहज जमलं. मला हा प्रामाणिकपणा फसवणुकीपेक्षा जास्त संतापजनक वाटतो. निदान पांढरी शाई तरी फासायची होतीत, सर! मग मी म्हटलं असतं, घाबरला बिचारा. पण तुम्ही सही केलीत.

मी पुढची पानं उलटली. पुढे चौकड्या संपलेल्या. मी पुण्याला गेल्यानंतरच्या प्रत्येक पानावर जोड्या. शून्य-एक, दोन-तीन, शून्य-एक, दोन-तीन, एकही ओळ कोरी नाही, सगळी पानं खच्चून भरलेली, त्याच सुंदर अक्षरात. दीड वर्षानंतरच्या एका पानावर सेम्बावांगही होतं. त्याच जुन्या, जोडी न कळणाऱ्या यंत्रावर जोडी, आणि शेजारी बरोबरची खूण. माझी पद्धत त्यांनी जशीच्या तशी उचलली होती, मला बाहेर काढून. हे सगळं करून दर गणपतीत तो विनोद! मी वही जमिनीवर आपटली. खरंच आपटली, परक्याच्या घरात, दुखवट्यात. ओंकारनं दोरा खाली ठेवला आणि म्हणाला, "आंटी, यू ओके ऑर नॉट?" मी नाही म्हटलं. त्याचे वडील गेले होते आणि मी त्याच्यासमोर रागानं रडत होते, याची लाज आत्ता वाटते, तेव्हा वाटली नाही.

वहिनींनी वही उचलली, धूळ झटकली. सेम्बावांगचं पान पुन्हा उघडलं. "तू पुण्याला गेलीस तेव्हा मी चारदा विचारलं होतं, त्या मुलीला का जाऊ दिलंत. दर वेळी म्हणाले, यंत्र जुनं होतं." मग चष्मा काढून म्हणाल्या, "बँकेत आम्ही असं खोडलेलं दिसलं की कारण विचारायचो. घरात नाही विचारलं मी."

"मी लिहिलं तर हे लिहीन, वहिनी," मी म्हटलं. "दुसरं काही मला लिहिता येणार नाही. नको असेल तर तसं सांगा, मी लिहितच नाही."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं, आता मुकाट्यानं चहा पिऊन निघायचं. चहा घेऊन आल्या तेव्हा डोळे लाल होते. "लिही," म्हणाल्या. "सगळं लिही. पण त्यांचं अक्षर चांगलं होतं, तेही लिही."

ते मी लिहिलं आहे. अक्षर खरंच चांगलं होतं. आणि हेही लिहिते, की चूक एका रेघेनं खोडायला मला त्यांनीच शिकवलं. माझ्या हाताखालच्या मुलामुलींना मी तेच शिकवते, फक्त वहीसोबत तोंडही उघडायचं असतं हे जोडीला सांगते. त्यांना मी माफ केलेलं नाही. लोक म्हणतात माणूस गेला की राग जातो. माझा गेला नाही, उलट त्याला आता जायला पत्ताच राहिला नाही. एका वाक्याचं काम होतं... 'शुभदा, माझ्या टोकाला दोन पडला होता.' मोदक खाता खाता म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी तिथल्या तिथे हसून सोडून दिलं असतं, आणि तेव्हाचं ते हसणं तरी खरं असतं.

वही आता माझ्याकडे आहे. वहिनींनी दिली, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. आठवडाभर ती जेवणाच्या टेबलावर नुसती पडून होती. मुलगी, आता कॉलेजात जाणारी, एकदा चाळून म्हणाली, "मम्मा, व्हाय सो मेनी ब्लँक लाइन्स?" मी तिला पहिल्या ओळीचं सांगितलं, चौथ्या ओळीचं सांगितलं. पहिली नावासाठी, चौथी सगळ्यांना एकदम हाक मारायला. तिनं विचारलं, मग कधी मारली का हाक? मी म्हटलं, नाही, सर ती नुसती राखून ठेवायचे.

काल सकाळी चहा झाल्यावर मी सेम्बावांगचं पान उघडलं. वरच्या नोंदीत शून्यापुढे केंद्र, एकापुढे सेम्बावांग, दोनापुढे ती रेघ. तिनाची ओळ कोरी होती. पेन्सिल नको, त्यांचा नियम पेनाचा. मी निळं पेन घेतलं आणि तिनाच्या पुढे, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'जोडी बरोबर होती. चूक सेम्बावांगच्या टोकाला.' खाली सही केली, शु. लि., आणि घड्याळात बघून वेळ घातली.